डबा एका टेबलावर, फलाट दुसऱ्या टेबलावर

सांधेवाला:

नमस्कार मंडळी. मी गाड्यांच्या बांधणीचे आराखडे काढतो. बावीस वर्षं झाली. सुरुवात बसच्या बॉडीपासून केली, नंतर रेल्वेच्या डब्यांकडे वळलो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात घट्ट बसली आहे, तेवढीच इथे मांडतो. गाडी आणि तिचा मार्ग एकाच टेबलावर, एकाच वेळी आखायला हवेत. बहुतेक वेळा ते दोन टेबलांवर आखले जातात आणि मधली तफावत प्रवाशाच्या गुडघ्यावर येऊन पडते.

हे शिकलो नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. एका शहरासाठी बसची बॉडी काढली होती. बसला स्वतंत्र मार्गिका, उंच थांबे, बसची फरशी ९०० मिलिमीटरवर आणि थांब्याचा चौथराही ९०० मिलिमीटरवर. कागदावर अगदी तंतोतंत. थांब्यांचं काम दुसऱ्या कचेरीकडे होतं. बस सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बघायला गेलो, तर प्रत्येक बस चौथऱ्यापासून दीड फूट लांब उभी राहत होती. एक आजोबा चढत होते. त्यांच्या काठीचं टोक त्या फटीत गेलं आणि तोल गेला. कंडक्टरने दंडाला धरून आत ओढलं म्हणून निभावलं. चालकाला विचारलं, गाडी चिकटवून का घेत नाही? त्याने काही न बोलता बाहेरच्या आरशाकडे बोट दाखवलं. आरसा बॉडीच्या बाहेर जवळजवळ फूटभर येत होता आणि थांब्याच्या छपराचा खांब चौथऱ्याच्या कडेपासून वीतभर आत होता. गाडी चिकटवली की आरसा फुटणार आणि भरपाई त्याच्या पगारातून जाणार. आरसा माझ्या आराखड्यात होता, खांब त्यांच्या आराखड्यात. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. मीही नाही.

आता मोठं उदाहरण घेऊ. मुंबईची लोकल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. तेव्हाच्या छोट्या गाड्यांना तो दाब पुरेसा होता. पुढे गाड्या लांबत गेल्या, नऊ डबे, मग बारा, मग पंधरा. साधा हिशेब करा. गाडीला ३००० किलोवॅट लागत असतील तर १५०० व्होल्टला २००० अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. तेवढीच ताकद २५००० व्होल्टला फक्त १२० अँपिअरमध्ये मिळते. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे डीसीवर डबे वाढवायचे तर दर थोड्या अंतरावर सबस्टेशन आणि जाडजूड तारा. डबे जोडायचा निर्णय गाडीवाल्यांचा वाटतो, पण खर्च उभा राहतो तारेत.

म्हणून एसी आलं, म्हणजे २५००० व्होल्टची, दिशा बदलत वाहणारी वीज. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये. पण २५००० व्होल्टची तार पुलाच्या पोटाला १५०० व्होल्टच्या तारेइतकी जवळ नेता येत नाही, अंतर जास्त सोडावं लागतं. सीएसएमटीकडचे जुने पूल ठेंगणे. त्यामुळे कुठे पुलाखालचा रूळ खाली घ्यावा लागला, कुठे गाड्या हळू न्याव्या लागल्या, आणि सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत पाडावाच लागला. विजेचा दाब बदलला आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा पूल गेला. इतकं हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

एसी लोकलचंही तसंच. इथे एसी म्हणजे वातानुकूलित. पहिली गाडी बांधली ती मध्य रेल्वेवर चालवायच्या विचाराने. तयार झाल्यावर तिची उंची मध्यच्या ठेंगण्या पुलांना जमेना. शेवटी ती पश्चिमेला गेली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून सुटली. पुढच्या गाड्यांमध्ये विजेची यंत्रं डब्याच्या पोटाखाली बसवली, उंची कमी केली, तेव्हा २०२० च्या सुरुवातीला ठाणे-पनवेल मार्गावर मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल धावली. पुलांची उंची काही रातोरात बदललेली नव्हती. ते माप आधीच हातात होतं.

आणि जिथे दोन्ही एकत्र आखलं तिथे काय होतं, तेही आपल्याच देशात दिसतं. मालगाड्यांचा पश्चिम समर्पित मार्ग, जेएनपीटी ते दादरी, सुमारे १५०० किलोमीटर. इथे आधी विचारलं, गाडी कशी हवी? उत्तर आलं, कंटेनरवर कंटेनर. मग रुळापासून ७.१ मीटर उंचीपर्यंत माल जाईल असा मार्ग आखला, विजेची तार त्याच्याही वर नेली आणि इंजिनांना तारेतून वीज घेणारे, उंच हात करणारे पेंटोग्राफ बसवले. गाडी दीड किलोमीटर लांब असेल असं धरलं, त्यामुळे बाजूला घ्यायच्या लूप लाइनही तेवढ्या लांब केल्या. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद, त्यामुळे अमेरिकेसारखे खोलगट वाघिणींचे प्रकार न करता सपाट वाघिणीवरच दोन थर रचता येतात. ७ जानेवारी २०२१ रोजी हरियाणातल्या न्यू अटेलीहून अशी विजेवरची दीड किलोमीटरची दुथरी गाडी निघाली. पूर्वेकडच्या समर्पित मार्गावर कोळसा आणि पोलाद जास्त. तिथे उंचीची मर्यादा ५.१ मीटरच ठेवली, कारण त्या मालाला दुसऱ्या थराची गरज नाही. याला म्हणतात एका टेबलावरचं काम.

तुमचे अनुभव लिहा. आणि एक विनंती. तुमच्या स्थानकात डब्याची फरशी आणि फलाट यांत किती उंचीचा फरक आहे, ते गाडी थांबलेली असताना सुरक्षितपणे, नुसतं बघून, विती-बोटांत सांगा. मी यादी करतोय. कृपया कुणीही वाकून हात घालू नका.

---

डोंबिवलीची लेक:

लेख फार आवडला दादा. वीस वर्षं सकाळची फास्ट पकडते आहे, त्यामुळे शब्दन् शब्द पटला. तुम्ही फरक मोजायला सांगितलात आणि लक्षात आलं, माझ्या पायाला तो फरक पाठ आहे. रोजच्या स्थानकात उतरताना पाय आपोआप जास्त लांब पडतो. दुसऱ्या स्थानकात उतरले की तोच पाय फसतो. साडी नेसलेल्या बाईला आणि कडेवर मूल असलेल्या बाईला हे जास्त कळतं.

एक प्रश्न. मेट्रोत फलाट आणि फरशी एका पातळीत असते, लोकलमध्ये का नाही? आणि फलाट वरचेवर उंच करतात तरी काही वर्षांनी परत खोल का वाटतो?

---

सांधेवाला:

ताई, दोन्ही प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारे आहेत.

आधी दुसरा. रूळ खडीवर असतात. गाड्यांच्या हादऱ्याने खडी दबते, मग टॅम्पिंग मशीन येऊन रुळांखालच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठोसते आणि रूळ किंचित वर उचलते. नवी खडीही पडत जाते. असं वर्षानुवर्षं चाललं की रूळ वर चढतो, फलाट होता तिथेच राहतो. रुळाचं खातं वेगळं, फलाटाचं वेगळं. दोघांनी आपापलं काम चोख केलं तरी मधली फट वाढतेच. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला गाडी आणि फलाटामधल्या फटीत पडून एका मुलीचे दोन्ही हात गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि त्यानंतर मुंबईतले फलाट ९०० ते ९२० मिलिमीटरपर्यंत उचलायचं काम जोरात सुरू झालं.

आता पहिला. लोकलच्या डब्याखाली मोटर असते, चाक जवळजवळ मीटरभर व्यासाचं. त्यावर बोगी म्हणजे चाकांचा सांगाडा, स्प्रिंगा आणि मग फरशी. त्यामुळे फरशी रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास जाते. फलाट तेवढा उंच का नाही? कारण त्याच रुळावरून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, मालगाड्या जातात, त्यांची मापं वेगळी. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद, बाहेरगावच्या गाडीचा ३.२५ च्या आसपास. फलाटाला सगळ्यांशीच जुळवून घ्यावं लागतं. मेट्रोच्या रुळावर मेट्रोशिवाय कुणी येत नाही, म्हणून तिथे एकच माप धरून सगळं बांधता येतं.

---

नकाशाप्रेमी:

मस्त धागा. मी वास्तुरचना शिकतेय, त्यामुळे कुरिचिबाचा उल्लेख कसा नाही म्हणून वाट बघत होते. ब्राझीलमधलं हे शहर आहे. झाइमे लेर्नेर हे वास्तुरचनाकार १९७१ मध्ये तिथले महापौर झाले आणि १९७४ पासून बससाठी वेगळ्या मार्गिका सुरू झाल्या.

सांधेवाला दादांनी सांगितलेली आरशाची अडचण वाचली आणि तिथला उपाय डोळ्यांसमोर आला. १९९१ मध्ये त्यांनी काचेच्या नळीसारखे थांबे उभारले. तिकीट आत शिरतानाच काढायचं, चौथरा बसच्या फरशीच्या उंचीवर. आणि बस अगदी चिकटवायची गरजच ठेवली नाही. बसच्या दारातून एक पट्टी खाली उलगडते आणि चौथऱ्यावर टेकते. फट तिथल्या तिथे बुजते. पुढच्याच वर्षी तीन भागांच्या जोडबस आल्या, एका वेळी २७० माणसं नेणाऱ्या, पाच रुंद दारांच्या. तिकीट बाहेर आणि दारं पाच, त्यामुळे एवढी गर्दीही भराभर चढते-उतरते. बस, दार, पट्टी, तिकीट, चौथरा, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

अजून एक पदर. उंच इमारतींना परवानगी मुख्यतः त्या बसच्या मार्गालगतच दिली. म्हणजे प्रवासी कुठे राहतील तेही त्याच आराखड्यात. आमच्या वर्गात हे शिकवताना शहराचा नकाशा आणि उभा छेद शेजारी शेजारी लावतात. उंच इमारतींची रांग आणि बसचा मार्ग एकच रेघ होऊन जातात.

---

सांधेवाला:

ती दारातली पट्टी मी चित्रात पाहिली तेव्हा खरंच अर्धा तास तिच्याकडेच बघत होतो. दीड फुटाच्या फटीवर किती सोपं उत्तर होतं.

---

पोहेप्रेमी:

सुंदर लेख. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

चौकस:

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. स्पष्टच लिहितो.

नव्या मार्गावर एकत्र आराखडा करणं सोपं. पण आपल्याकडे नवं किती आणि जुनं किती? शंभर वर्षांच्या जाळ्यावर नवी गाडी आणायची तर एका टेबलावर बसून काय उपयोग? टेबलावर आधीच १९२५ सालचा फलाट आहे.

आणि दुसरी, जास्त गंभीर गोष्ट. एकत्र आखण्याचा अतिरेकही होतो. मुंबईची मोनोरेल बघा. तिथे गाडी आणि मार्ग इतके एकजीव की गाडी तुळईला मिठी मारूनच चालते. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा सुरू झाली, २०१९ मध्ये सात रस्त्यापर्यंत गेली. गाड्या परदेशातल्या एकाच कंपनीच्या. सुटे भाग मिळेनात, तेव्हा चालण्याजोग्या गाड्या कमी होत गेल्या आणि त्या तुळईवर दुसऱ्या कुणाची तयार गाडी आणून ठेवता येईना. रुळावर हा प्रश्न येत नाही. १६७६ मिलिमीटरवर कुणाचीही गाडी धावते. तुम्ही म्हणता तसं सगळं जुळवून बांधलं आणि जोडीदार निघून गेला, तर?

---

कोलाडकर:

चौकसभाऊंचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला सांधेवाले उत्तर देतीलच. तोवर आमच्या गावची गोष्ट सांगतो.

कोकण रेल्वेची रो-रो कोलाडहून सुटते. २६ जानेवारी १९९९ पासून. मालाने भरलेले ट्रक चालक-क्लीनरसकट सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला किंवा कर्नाटकात सुरतकलला उतरतात. लहानपणी सायकलवरून बघायला जायचो. ट्रक चढायच्या आधी एका लोखंडी चौकटीखालून जातो. बोगद्यात जेवढी उंची मिळते तेवढीच ती चौकट. वर ताडपत्री फुगलेली असेल तर चौकटीला घासते. मग क्लीनर वर चढतो, दोरी सोडतो, ताडपत्री दाबून परत बांधतो. एकदा गवताच्या गाठी भरलेला ट्रक आला होता. वरची एक रांग उतरवून बाजूला ठेवली, मगच तो चढला. त्या गाठी दोन दिवस तिथेच पडून होत्या.

तेव्हा गंमत वाटायची. आज हा धागा वाचून वाटलं, तो ट्रक महामार्गाच्या मापाने बांधलेला होता आणि बोगदा रेल्वेच्या मापाने. दोघांची गाठ त्या चौकटीखाली पडत होती. तरी हे जमलं, कारण चौकट मोजूनच उभी केली होती आणि नियम सगळ्यांना माहीत होता. घाटात ट्रकच्या रांगा, डिझेल, टायर, झोप, सगळं वाचतं. आमच्याकडचे चालक सांगतात, रो-रोवर गेलं की एक रात्र पूर्ण झोप मिळते.

---

घाटमाथा:

माझे वडील इगतपुरीला होते, रेल्वेत, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. चौकस यांनी जुन्या जाळ्याचं विचारलंय ना, त्याचं उत्तर आमच्या घरात जेवताना मिळायचं.

मुंबईकडून डीसी यायचं, इगतपुरीच्या पुढे एसी. गाडी इगतपुरीला आली की डीसीचं इंजिन काढायचं, एसीचं जोडायचं. कपलिंग, हवेच्या नळ्या, ब्रेकची चाचणी. प्रवासी तेवढ्यात वडापाव खाऊन घ्यायचे. पश्चिम रेल्वेने यावर सत्तरच्या दशकातच उपाय काढला होता, चित्तरंजनला बनलेलं डब्ल्यूसीएएम-१. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी, ए म्हणजे एसी, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही. एकाच इंजिनात दोन्ही विजेची सोय. पुढे मध्य रेल्वेवर डब्ल्यूसीएएम-३ आलं. वडील म्हणायचे, डीसीखाली त्याची ताकद जरा उतरते, पण गाडी न तोडता पुढे जाते ते मोलाचं.

मला यातून काय कळलं ते सांगतो. सगळं जाळं एका दिवसात बदलत नाही. एक टोक नवं, एक टोक जुनं, अशी वीस-वीस वर्षं जातात. त्या काळासाठी दोन्हीकडे चालणारी गाडी मुद्दाम बांधावी लागते. ती थोडी जड असते, थोडी महाग असते, दोन्हीकडे पूर्ण ताकदीची नसते. मुंबईत एसीचं काम चालू होतं त्या काळात लोकलचे रेकही असेच दोन्ही विजेवर चालणारे आणले होते. जाळं बदलण्याच्या आराखड्यातच त्या गाड्या धरल्या होत्या, म्हणून लोकल बंद न करता एवढं मोठं काम पार पडलं. माझ्या मते एका टेबलावर बसण्याची खरी गरज जुन्या जाळ्यालाच जास्त आहे.

---

सांधेवाला:

घाटमाथा, दंडवत. तुमच्या वडिलांचा अनुभव माझ्या सगळ्या लेखापेक्षा वजनदार आहे.

चौकस, तुमचा पहिला मुद्दा त्यांनी सोडवला, त्यात एका गोष्टीची भर घालतो. जुना फलाट टेबलावर आहे हे खरं, पण तो टेबलावर आहे हे लक्षात ठेवणंही सोपं नसतं. २०१४ मध्ये फ्रान्समध्ये उघडकीस आलं की नव्या प्रादेशिक गाड्या शेकडो जुन्या फलाटांना बसत नाहीत. गाड्या मागवताना रुळांच्या कंपनीने फलाटांची मापं दिली होती, पण ती तुलनेने नव्या फलाटांची. जुने फलाट थोडे पुढे आलेले. सुमारे १३०० फलाट घासून मागे घ्यावे लागणार आणि खर्च ५ कोटी युरो, असं तेव्हा जाहीर झालं. १९९७ पासून तिथे रूळ एका संस्थेकडे आणि गाड्या दुसरीकडे होत्या. स्पेनमध्येही असंच झालं, उत्तरेकडच्या डोंगरातल्या बोगद्यांना न बसणाऱ्या गाड्या मागवल्या गेल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. सुदैवाने बांधणी सुरू व्हायच्या आधीच ते लक्षात आलं. दोन्ही देशांत रेल्वेचं ज्ञान कमी आहे का? माहिती होती, पण वेगवेगळ्या कपाटांत होती.

मोनोरेलचा मुद्दा मात्र मी दोन दिवस डोक्यात घोळवला. तुम्ही बरोबर आहात. माझ्या लेखात ही बाजू सुटलीच होती, आणि ती मोठी आहे.

याचं उत्तर मला कंटेनरमध्ये दिसतं. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी एका जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ कंटेनर चढवून नुअर्कहून ह्यूस्टनला नेले. ते मूळचे ट्रकवाले. त्यांनी जहाज, क्रेन, ट्रक आणि डबा यांचा विचार एकत्र केला, बंदरावरची मजुरी आणि वेळ त्यातूनच वाचला. पण कंटेनर जगभर पसरला तो त्याच्या कोपऱ्यांमुळे. आठही कोपऱ्यांत एक पोलादी तुकडा असतो, त्याला लांबट भोक. त्यात खालून एक अडसर शिरतो आणि नव्वद अंश फिरला की घट्ट बसतो. त्या कोपऱ्याचं पेटंट त्यांच्या कंपनीने सगळ्यांना खुलं केलं आणि साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय मापं ठरली. डबा कुणीही बांधा, जहाज कुणीही बांधा, वाघीण कुणीही बांधा, कोपरा तोच. आपल्या पश्चिम मार्गावरच्या दुथरी गाड्यांतही वरचा कंटेनर खालच्यावर याच कोपऱ्यांनी बसतो.

म्हणून मी माझं म्हणणं दुरुस्त करतो. गाडी आणि मार्ग एकत्र आखा, पण दोघं जिथे भेटतात तेवढा सांधा कागदावर उघड मांडा आणि तो कुणा एकाच्या मालकीचा ठेवू नका. मोनोरेलमध्ये सांधा कंपनीचा होता. रुळांमध्ये आणि कंटेनरमध्ये तो सगळ्यांचा आहे.

---

चौकस:

हे पटलं. रूळांचं अंतर हाही शेवटी असाच उघड सांधा आहे, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग मेट्रोच्या फलाटावर काचेची दारं बसवतात त्याचं काय? मुंबईच्या मेट्रो-३ ला आहेत. उद्या दुसऱ्या कंपनीचे डबे आणायचे तर दारं त्याच अंतरावर हवीत.

---

सांधेवाला:

हो, तोही एक सांधा. दारांमधलं अंतर आता तीस-चाळीस वर्षांसाठी ठरून गेलं. पण ते अंतर निविदेत लिहिता येतं आणि ते पाळून कुणीही डबा बांधू शकतो. मोनोरेलच्या तुळईला ते इतकं सोपं नाही. बदल्यात मिळतं ते मोठं आहे. कुणी रुळावर पडत नाही, आणि गाडी दर वेळी ठरल्या जागीच थांबते.

---

मांडवीतीर:

बसचा विषय निघालाच आहे तर विजेच्या बसबद्दल. मी बसताफ्याच्या वेळापत्रकाचं काम करतो. शहराचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे आधी बस आल्या, मग त्या रात्री कुठे चार्ज करायच्या याचा विचार झाला. मार्ग डिझेलच्या बसचेच ठेवले. परिणाम असा की दुपारी अडीच-तीनच्या सुमारास काही बस रिकाम्या होऊन आगारात परततात, अकरा किलोमीटर जाताना आणि अकरा येताना, फक्त चार्जिंगसाठी. बाकीच्या बसवर त्याच वेळी शाळा सुटल्याची गर्दी. मी वेळापत्रक कितीही फिरवलं तरी ते बावीस किलोमीटर जात नाहीत.

मोठी बॅटरी लावा म्हणतात. पण बॅटरी मोठी म्हणजे बस जड, आणि तेवढी माणसं कमी. जिनिव्हामध्ये उलटा विचार केला. तिथे काही थांब्यांवरच बस थांबली की वरून एक हात जोडला जातो आणि पंधरा-वीस सेकंदांत ६०० किलोवॅटने चार्ज मिळतो, माणसं चढेउतरेपर्यंत. त्यामुळे बॅटरी लहान पुरते. थांब्याला महागडं यंत्र, पण प्रत्येक बस हलकी. कुठे खर्च करायचा, थांब्यात की बसमध्ये, हा प्रश्न कुणीतरी दोन्ही हातांत घेऊन सोडवला. आमच्याकडे मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर दोन चार्जर बसले असते तरी माझे बावीस किलोमीटर वाचले असते.

---

डोंबिवलीची लेक:

मांडवीतीर, तुमची शाळा सुटायच्या वेळची गर्दी वाचून पोटात तुटलं. माझी मुलगी त्याच वेळी थांब्यावर उभी असते.

एसी लोकलबद्दल माझा एक अनुभव राहिला होता. साध्या लोकलला गाडी पूर्ण थांबायच्या आधीच निम्मी माणसं उतरलेली असतात. धोकादायक आहे, पण वेळापत्रक त्या सवयीवर बसलेलं आहे. एसीत दार उघडायचं, बंद व्हायचं, कुणाची बॅग अडकली की परत उघडायचं. दार चुकीचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही, ते हवंच. पण दार बंद होणारी गाडी आणायची तर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडायचं गणितही नव्याने मांडायला हवं. दारं जास्त द्या, रुंद द्या, फलाटावर चढण्या-उतरण्याच्या रांगा आखा, जिने दुसरीकडे काढा. नुसता डबा बदलून भागत नाही.

बाकी तुम्ही सांगितलेलं काम केलं. वाकले नाही, हात घातला नाही, लेकीला पुलावर उभं करून दोघींनी नुसतं बघितलं. माझ्या फलाटावर मधल्या डब्यांपाशी फरक साधारण एक वीत आणि चार बोटं. पण मागच्या टोकाला गार्डच्या डब्याजवळ तो जास्त दिसतो, दीड वितीच्या पुढे. शिवाय तिथे आडवी फटही मोठी आहे. मधल्या दारापाशी जास्त, कडेच्या दारापाशी कमी. एकाच डब्याला असं कसं?

---

सांधेवाला:

ताई, त्या टोकाला फलाट वळणावर आहे का? आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला?

---

डोंबिवलीची लेक:

हो! तिथे रूळ उजवीकडे वळतात आणि आमचा फलाट डावीकडे. तुम्ही न बघता कसं ओळखलंत?

---

सांधेवाला:

डबा सरळ असतो, वळण गोल. वळणावर डबा उभा राहिला की त्याची दोन टोकं बाहेरच्या बाजूला येतात आणि मधला भाग आत जातो. फलाट बाहेरच्या अंगाला असेल तर टोकं घासू नयेत म्हणून तो मागे ठेवावा लागतो. मग मधल्या दारासमोर फट सगळ्यात मोठी. आणि वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम उंच ठेवलेला असतो, त्यामुळे डबा आतल्या बाजूला कलतो आणि फलाटाकडची फरशी वर उचलली जाते. म्हणून तुम्हाला दीड वीत दिसली.

तुमच्या फलाटाची नोंद यादीत सगळ्यात वर घेतली आहे. लेकीला सांगा, तिचं निरीक्षण बरोबर होतं. आणि तोवर उतरायचं तर पुढच्या किंवा मधल्या डब्यातून उतरा. मागच्या टोकाला नकोच.